मोडक्या खुणांचं सूप

"मामू, या कवितेत कडवी किती? एक की दोन?" भाचीनं विचारलं आणि मी गोंधळलो. कविता माझी, पण मलाच सांगता येईना. वीसेक वर्षांपूर्वी ती एका छोट्या साहित्यिक संकेतस्थळावर आली होती. ते पुढे बंद पडलं. माझी वही एका पावसाळ्यात भिजून गेली. एका मित्राच्या सीडीवर तेवढी ती पानं उरली होती आणि भाची त्यांतून माझ्या एकोणीस कविता संगणकाकडून वेचून घेत होती. एका पद्धतीनं वाचलं तर कडवं एकच दिसायचं, दुसऱ्या पद्धतीनं दोन. पान तेच, अक्षरं तीच. असं का व्हावं, हे मी तिच्याकडून समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

संकेतस्थळाचं पान पडद्यावर नटूनथटून दिसतं. आत मात्र तो साधा मजकूर असतो आणि त्यात जागोजागी कोनी कंसांतल्या खुणा पेरलेल्या असतात. इथे परिच्छेद सुरू, इथे संपला. इथून ठळक अक्षर, ते इथवर. या खुणांची भाषा म्हणजे एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी ती जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९०च्या सुमारास घडवली. बहुतेक खुणा उघडल्या की बंद करायच्या, आणि डब्यात डबा बसावा तशा, आतली आधी आणि बाहेरची नंतर.

पण पानं लिहिणारी माणसंच. कुणी खूण उघडून विसरलं. कुणी ठळक सुरू केलं, त्यात तिरपं सुरू केलं आणि आतलं तिरपं संपण्याआधीच बाहेरचं ठळक बंद केलं. कुणी तर कधी न उघडलेली खूणच बंद केली. ब्राउझरनं, म्हणजे पान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, तक्रार केली नाही. अंदाजानं सावरून घेतलं आणि पान दाखवलं. लिहिणाऱ्याला वाटलं, आपलं बरोबरच आहे. अशा पानांना संगणकवाले 'टॅग सूप' म्हणू लागले. खुणांचं सूप.

मग शिस्तीची चळवळ आली. १९९८ साली एक्सएमएल नावाची कडक भाषा आली. तिचा दंडक असा, की एक चूक सापडली की वाचणं तिथेच थांबवायचं. २००० साली हीच शिस्त वेबपानांना लावणारं एक्सएचटीएमएल आलं. बहुतेकांनी नव्या नावाचा टिळा तेवढा लावला आणि पानं जुन्याच चालीनं पाठवली, म्हणजे ब्राउझर ती पुन्हा सांभाळूनच घेणार. मला यात नवल वाटत नाही. एका कंसापायी सगळं पान नाकारणारा वाचक कुणाला हवा?

२००४ साली लेनर्ड रिचर्डसन या अमेरिकन प्रोग्रॅमरनं (हे गृहस्थ विज्ञानकथाही लिहितात) पायथॉन या संगणकभाषेत 'ब्युटिफुल सूप' नावाची लायब्ररी प्रसिद्ध केली. इथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आयती वापरावी अशी तयार अवजारांची पेटी. नाव लुईस कॅरलच्या १८६५ सालच्या 'अ‍ॅलिस'मधून आलं. त्यात नकली कासव नावाचं एक रडवं पात्र सुपाचं गाणं गातं. ही पेटी मोडकं पान घेते, त्यातून खुणांचा एक वृक्ष उभा करते, आणि मग तुम्ही सांगायचं: मला सगळी शीर्षकं दे, किंवा प्रत्येक परिच्छेदातला मजकूर दे. भूमिका समंजस आहे. ते भयंकर पान तुम्ही लिहिलेलं नाही, तुम्हाला फक्त त्यातलं काही हवं आहे.

मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. २०१२मध्ये चौथी आवृत्ती आली, तेव्हापासून ही पेटी पान स्वतः वाचत नाही. वाचायचं काम दुसऱ्याकडे सोपवते. असे वाचक तीन. एक पायथॉनबरोबर आपोआप येणारा, दुसरा एलएक्सएमएल, जो फार वेगवान आहे, आणि तिसरा एचटीएमएल५लिब, संथ पण ब्राउझरसारखं वाचणारा. पानात परिच्छेद बंद करणारी एकटीच खूण असेल, उघडणारी नसेलच, तर पहिला वाचक ती चूक म्हणून टाकून देतो. तिसरा म्हणतो, बंद झालंय त्या अर्थी काहीतरी उघडलं असणार, आणि तिथे एक रिकामा परिच्छेद तयार करतो.

माझी कविता चढवणाऱ्यानं नेमकं हेच केलं होतं. पहिलं कडवं संपल्यावर बंद करणारी खूण, पुढे दुसरं कडवं, आणि उघडणारी कुठेच नाही. पहिल्या वाचकानं दोन्ही कडवी जोडून टाकली. तिसऱ्यानं मधली मोकळी जागा राखली. दोघांनीही दुरुस्ती केली आणि दोघांनीही तसं सांगितलं नाही, ही माझी खरी तक्रार. कुठला वाचक घ्यायचा हे तुम्ही सांगितलं नाही, तर ब्युटिफुल सूप इशारा देते, की दुसऱ्या संगणकावर उत्तर वेगळं येऊ शकेल. भाचीनं तो इशारा वाचला, म्हणूनच प्रश्न माझ्यापर्यंत आला.

माझे आजोबा उर्दूत पत्रं लिहीत, घाईत, नुक्ते गाळून. नुक्ता नसला की बे, पे आणि ते ही तिन्ही अक्षरं सारखीच दिसतात. आजी ती पत्रं धडाधड वाचायची, कारण तिला माणूस ठाऊक होता. वाचणारा खुणा मनानं भरतो, हे मला लहानपणापासून माहीत. पण आजी अडली की थांबायची. "इथे काय लिहिलंय, त्यांनाच विचारा," म्हणायची.

ब्राउझरांचं भांडण पुढे मिटलं ते या चुकांचेच नियम करून. २०१४ साली प्रमाणित झालेल्या एचटीएमएल५मध्ये अशुद्ध पानाचं काय करायचं हे पायरीपायरीनं लिहिलेलं आहे. बंद करणाऱ्या एकट्या खुणेचं उत्तरही त्यात आहे, आणि ते तिसऱ्या वाचकासारखं.

आमची आणखी एक अडचण मराठीची. ब्युटिफुल सूपमध्ये 'युनिकोड, डॅमिट' नावाचा एक भाग आहे. पान कोणत्या अक्षरसंकेतात आहे, याचा तो अंदाज घेतो. आमच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. त्या काळची पुष्कळ मराठी पानं युनिकोडमध्ये नव्हती. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांवर मराठी फॉन्टचा मुखवटा. फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसे. डॅमिटच्या लेखी ते पान युरोपीय, आणि त्याच्या परीनं ते खरंच होतं. भाचीनं अक्षराला अक्षर लावणारा तक्ता केला. ऱ्हस्व वेलांटीनं फार छळलं: त्या फॉन्टात ती व्यंजनाच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट.

अक्षरं सुधारल्यावर मी एकेक कविता मोठ्यानं म्हणून पाहिली. जिथे थांबलो तिथे भाचीनं हातानं खूण भरली, उघडणारीसुद्धा. सतरा कविता अशा मार्गी लागल्या. दोन कवितांत कडवं कुठे तुटतं हे मलाही आठवेना. त्या सलगच ठेवल्या आहेत.