दहा मिनिटांत बर्गर, पण धावतंय कोण?

ऑर्डर दिली आणि ॲपवरचा तो छोटा स्कूटरवाला हलतच नाहीये! चिडचिड होतेच. पण खाणं 'फास्ट' होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे कधी पाहिलंय?

कॉलेजबाहेरच्या गाडीवर वडापाव मागा. गर्दी नसेल तर मिनिटाच्या आत हातात येतो. कारण बटाटे उकडणं, चटणी वाटणं, गोळे वळणं सगळं आधीच झालेलं असतं. फास्ट फूडचं गणित एवढंच आहे: पदार्थ मोजके ठेवायचे आणि काम आधी उरकून ठेवायचं.

अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 मध्ये हेच केलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमधलं आपलं चांगलं चाललेलं हॉटेल त्यांनी काही महिने चक्क बंद ठेवलं. 25 पदार्थांचा मेन्यू 9 वर आणला. गाडीपर्यंत ट्रे नेऊन देणाऱ्या वेट्रेस काढून टाकल्या, काचेच्या प्लेट्स गेल्या, कागदी पिशव्या आल्या. नवं किचन कसं असावं हे ठरवायला टेनिस कोर्टवर खडूने आराखडा काढला आणि कर्मचाऱ्यांना त्यात खोटाखोटा बर्गर बनवायला लावला. कुणाची पावलं कुठे वाया जातात ते बघितलं, रेषा पुसल्या, पुन्हा काढल्या. बर्गर मिळू लागला 15 सेंट्सना, तोही झटपट.

1975 मध्ये ॲरिझोनात मॅकडोनाल्ड्सची पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी उघडली. जवळच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना गणवेशात गाडीतून उतरायची परवानगी नव्हती, म्हणून ही सोय!

पुढे वेग वाढतच गेला असेल, असं वाटतं ना? उलट झालं. 'क्यूएसआर' हे अमेरिकी मासिक ड्राइव्ह-थ्रूला लागणारा वेळ मोजतं. 2003 च्या सुमारास सरासरी 190 सेकंद लागायचे, 2019 मध्ये 255. मेन्यू लांबत गेला, 'कांदा नको, चीज जास्त' अशा फर्माइशी वाढल्या आणि त्याच किचनवर ॲपच्या ऑर्डर्सही येऊन पडल्या.

किचनमध्ये वाढलेला वेळ भरून कुठे काढायचा? रस्त्यावर. हे किती महागात पडतं, ते डॉमिनोजने अमेरिकेत अनुभवलंय. 30 मिनिटांत पिझ्झा आला नाही तर तो फुकट, पुढे त्यावर सवलत, अशी त्यांची हमी होती. त्यांच्या एका ड्रायव्हरने सिग्नल तोडून एका महिलेच्या गाडीला धडक दिली. 1993 मध्ये सेंट लुईसच्या ज्युरीने तिला सुमारे 7 कोटी 90 लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. कंपनीने अमेरिकेतली ती हमी लगेच बंद केली.

आता आपल्याकडे या. ऑक्टोबर 2024 मध्ये स्विगीने 'बोल्ट' आणलं: दोन किलोमीटरच्या आतली हॉटेलं, पटकन तयार होणारे निवडक पदार्थ, दहा मिनिटांत डिलिव्हरी. म्हणजे फंडा 1948 चाच! ऑर्डर 'बोल्ट'ची आहे की साधी, हे रायडरला कळत नाही, त्यामुळे त्याच्यावर दबाव येत नाही, असं कंपनी सांगते. पण त्याची कमाई मुख्यतः ऑर्डरवर ठरते. दिवसभरात जितक्या जास्त फेऱ्या, तितके जास्त पैसे. मग घाई करायला त्याला वेगळं कुणी सांगायची गरज उरते का?

आणि हा रायडर अनेकदा तुमच्याच वयाचा असतो. कदाचित तुमच्याच वर्गातला.

ऑर्डर करणं बंद करा, असं कुणी म्हणत नाहीये. पण पुढच्या वेळी उशीर झाला तर ॲपवर जरा नीट बघा. बऱ्याचदा पदार्थ तयारच झालेला नसतो आणि रायडर हॉटेलच्या दारात ताटकळत असतो. तसं असेल तर त्याचे स्टार कापू नका. आणि तो सिग्नलला थांबलाय असं दिसलं, तर फोन करून 'कुठे पोचलात?' विचारू नका. थांबू द्या त्याला.