पाणबुडीच्या चाहुलीतून बिनतारी क्रांतीकडे

९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' ही भारतीय युद्धनौका दीवनजीकच्या समुद्रात बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. पाण्याखालच्या शत्रूची चाहूल वेळेवर लागू नये, ही उणीव किती महाग पडते हे त्या रात्री कळून चुकले. पुढे नौदलाची सोनार यंत्रणा सुधारण्याचे काम ज्या तरुण अधिकाऱ्यावर सोपविण्यात आले, ते म्हणजे आरोग्यस्वामी पॉलराज. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल ज्या तत्त्वावर वेगाने चालतो, त्याचे ते जनक मानले जातात. एका माणसाच्या हातून ही दोन कामे झाली, हा योगायोग नव्हे.

तमिळनाडूत जन्मलेले पॉलराज खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून नौदलात गेले आणि अभियंता झाले. नौदलाने त्यांना दिल्लीच्या आय. आय. टी.त शिकावयास पाठविले. तेथे १९७३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' ही स्वदेशी सोनार यंत्रणा सिद्ध झाली. अनेक ग्राहकांवर अनेक दिशांनी येणाऱ्या ध्वनींच्या कोलाहलातून हवा तो ध्वनी निवडून काढणे, हे तिचे मर्म.

हेच गणित पुढे हवेतील लहरींना लागू पडले. इमारतींवर आपटून विखुरणाऱ्या लहरी म्हणजे अडथळा, असे अभियंते मानीत आले होते. पॉलराज यांनी हा समज उलटा केला. अनेक ॲन्टेनांवरून एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर निरनिराळे संदेश सोडले, तर प्रत्येक संदेश वेगळ्या वाटांनी येतो आणि त्या वेगळेपणावरूनच तो ओळखता येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९२ साली त्यांनी थॉमस कैलाथ यांच्यासह या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला; १९९४ साली ते मिळाले. कैलाथ हे पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली पदवीधर झालेले. 'मायमो' नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आज वाय-फायमध्ये आहे आणि मोबाईलच्या चौथ्या व पाचव्या पिढीतही.

या तंत्रात ग्राहकयंत्राला आधी ठाऊक असलेली खूण पाठविली जाते. ती कशी बदलून पोचली यावरून यंत्र वाटेचा अंदाज बांधते. ठाऊक उदाहरणांवरून अज्ञाताचा नियम शोधणे, हेच आजच्या यंत्रशिक्षणाचेही सूत्र आहे. म्हणूनच बिनतारी जाळी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या दोन्ही क्षेत्रांत एकच संशोधक सहज वावरताना दिसतो. पॉलराज यांनीच १९८६ साली बंगलोर येथे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबोटिक्स यांचे संरक्षण संशोधन केंद्र उभे केले, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

तथापि १९९१ साली नौदलातून निवृत्त होऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि जगाला उपयोगी पडलेले त्यांचे मोठे संशोधन तेथे झाले. पद्मभूषण त्यांना २०१० साली, देश सोडल्यानंतर १९ वर्षांनी मिळाले. मार्कोनी पारितोषिक २०१४ साली. गुणी माणूस परदेशी गेला म्हणून हळहळणे सोपे आहे. पण लष्करी अधिकाऱ्याला संशोधनासाठी मोकळा वेळ देणारा निर्णय याच देशात झाला होता, याचा आपण विसर पडू देतो. असे निर्णय अपवाद का राहिले, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर केवळ सरकारने द्यावयाचे नाही. आपल्या महाविद्यालयांत गणित हा उत्तीर्ण होण्यापुरता विषय असतो. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी संख्याशास्त्राच्या वर्गात सहसा फिरकत नाही आणि शिक्षकही त्याला तिकडे धाडीत नाही. समुद्रातील ध्वनीसाठी मांडलेले गणित आकाशातील लहरींच्या कामी येईल, हे अभ्यासक्रम ठरविणाऱ्या कोणत्याही समितीला आधी सांगता आले नसते. ते साधले ते विषयांच्या भिंती ओलांडण्याची मुभा एका माणसाला मिळाली म्हणून. ही मुभा नियम म्हणून मिळू लागेल, तेव्हाच पुढचा पॉलराज येथे राहूनही काम करू शकेल.