दोष रक्ताचा की दुधाचा?

कर्करोगाचा माग : भाग ६

आईला स्तनाचा कर्करोग झाला, मावशीलाही झाला, मग मला होणार का? घरोघरी दबक्या आवाजात विचारला जाणारा हा प्रश्न. मागच्या भागात आपण इस्ट्रोजेनचं काम पाहिलं, आता घराण्याकडे वळू.

या कोड्याचा पहिला धागा उंदरांनी दिला. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे काही वंश असे होते की त्यांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाच्या गाठी व्हायच्या, तर काहींत क्वचितच. दोन्ही वंशांचा संकर केला, तर लेकी आईच्या वळणावर जात. वडिलांचा वंश कर्करोगाचा असला तरी फारसं बिघडत नसे. जनुकं तर दोघांकडून निम्मी निम्मी येतात. मग आईकडून जास्तीचं काय येत होतं? जॉन बिटनर यांनी पिल्लांची दूधआई बदलली आणि १९३६ साली निष्कर्ष छापला.

हे काम किती नाजूक, ते सांगतो. उंदराचं पिल्लू जन्मतं जेमतेम सव्वा ग्रॅमचं, कातडी इतकी पातळ की दूध प्यायल्यावर पोटातला पांढरा ठिपका बाहेरून दिसतो. ठिपका दिसला की पिल्लू या प्रयोगाला निरुपयोगी, म्हणून त्याआधीच उचलायचं. मग त्याला दूधआईच्या पिंजऱ्यातला भुसा चोळायचा, कारण परका वास आला तर ती त्याला खाऊनही टाकते. पुढे महिनोन्महिने वाट पाहायची. उंदराच्या मादीला स्तनांच्या पाच जोड्या असतात, गळ्यापासून जांघेपर्यंत. त्या सगळ्या बोटांनी चाचपून गाठ शोधायची. संशोधकाचं आयुष्य बरंचसं असंच जातं, आणि या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे.

दूधआई बदललेल्या पिल्लांत कर्करोग खूपच कमी झाला. दुधात विषाणू होता. त्याच्याकडे स्वतःचं कर्करोगाचं जनुक नसतं. तो पेशीच्या गुणसूत्रात घुसतो आणि नेमक्या एखाद्या जनुकाशेजारी बसला, तर एरवी गप्प असलेलं ते जनुक जागं होतं. रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी १९८२ मध्ये असं एक जनुक पकडलं. आज त्याला डब्ल्यूएनटी-१ म्हणतात.

मुंबईत हा धागा पुढे नेला डॉ. कमल रणदिवे यांनी. पुण्यात १९१७ साली जन्म, शाळा हुजूरपागा, मग फर्ग्युसन. एम.एस्सी.ला विषय सीताफळाच्या कुळातली गुणसूत्रं! डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. करून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकल्या आणि परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्याची प्रयोगशाळा उभारली. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांतलं एकच कारण धरून न बसता तिन्हींचा परस्परसंबंध त्यांनी उंदरांत तपासला. त्यांचं मोठेपण मला इथे दिसतं. स्त्री-शास्त्रज्ञांची संघटनाही त्यांनी १९७३ मध्ये उभी केली.

माणसांतही असा विषाणू असेल का? मुंबईच्या पारशी स्त्रियांत या रोगाचं प्रमाण जास्त, म्हणून त्यांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेले. १९७१ च्या त्या शोधनिबंधात मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांचाही वाटा होता. काही नमुन्यांत विषाणूसारखे कण दिसले, पण माणसात हा रोग दुधातून पसरतो असं कधीच सिद्ध झालं नाही. नव्या आयांनी हे नीट लक्षात घ्यावं : अंगावर पाजल्याने आईचा धोका उलट कमी होतो.

घराण्याचं खरं उत्तर दुसरीकडून आलं. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये १७व्या गुणसूत्रावर बोट ठेवलं. तिथलं बीआरसीए-१ हे जनुक डीएनएची दुरुस्ती करतं. त्याची सदोष प्रत आईकडून येते तशी वडिलांकडूनही येते, आणि दोन्हीकडून शक्यता निम्मीच. म्हणून डॉक्टरांनी घराण्याबद्दल विचारलं, तर मावशीबरोबर आत्याचं आणि वडिलांच्या आईचंही सांगा.