भिंतीवरचे दुकान

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तेथील भुयारी रेल्वेच्या सॉल्लुंग स्थानकावर २०११ साली एक अजब दुकान थाटले गेले. दूध, फळे, भाजीपाला यांनी भरलेल्या फळ्या फलाटावर ओळीने मांडलेल्या दिसत. हात पुढे करावा, तर लागे ती गुळगुळीत, सपाट भिंत! त्या फळ्या म्हणजे खऱ्या आकाराएवढी छायाचित्रे होती. पाचशेहून अधिक जिनसा, आणि प्रत्येकीखाली काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन.

हे दुकान होमप्लसचे. तेव्हा ती टेस्को या ब्रिटिश कंपनीची कोरियातील शाखा होती. (२०१५ साली टेस्कोने ती विकून टाकली.) कचेरीतून थकून परतणाऱ्या माणसाला बाजारात जायला सवड नसते, पण गाडीची वाट पाहत तो फलाटावर उभा असतोच. त्याने स्मार्टफोनचा कॅमेरा चौकोनापुढे धरावा, पैसे चुकते करावेत, की माल परस्पर घरी पोहोचे. दुकान म्हटले की चार भिंती, दार, गल्ला, कोठीघर. येथे उरली ती एक भिंत. कोठीघर शहरात कोठेतरी दूर, आणि गल्ला गिऱ्हाइकाच्याच खिशात!

पण गर्दीत, तिरक्या कोनातून, मळलेल्या भिंतीवरचा चौकोन कॅमेऱ्याला बिनचूक वाचता कसा येतो? खरी गंमत येथेच आहे.

हा क्यूआर संकेत जपानमधील डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने १९९४ साली तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. त्यांच्या मधोमध कोठूनही रेघ ओढली, तरी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदीचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात सर्वांत क्वचित आढळणारे प्रमाण कोणते, हे हारा यांच्या गटाने नियतकालिके, पत्रके चाळून शोधले होते. त्यामुळे आजूबाजूला कितीही अक्षरे व चित्रे असली, तरी कॅमेरा फसत नाही. कोपरे चार आणि मोठे चौकोन तीनच, म्हणून वरची बाजू कोणती तेही लगेच कळते.

आणि ठिपके पुसले गेले तर? समजा, तुम्हाला मित्राला ३ आणि ५ हे आकडे कळवायचे आहेत. आलेखावर (१,३) आणि (२,५) हे बिंदू मांडून त्यांतून सरळ रेषा काढा. तीच रेषा पुढे (३,७) आणि (४,९) या बिंदूंतून जाते. आता मित्राला चारही आकडे पाठवा: ३, ५, ७, ९. वाटेत ७ चा १ झाला, तरी बाकीचे तीन बिंदू एका रेषेवर असतात आणि चुकार बिंदू एकटा बाजूला पडतो. मित्र तो स्वतःच दुरुस्त करील. अमेरिकेतील रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीचे बीज हेच. मात्र तेथे साध्या रेषेऐवजी मोठ्या बहुपदी वापरतात. क्यूआर संकेतात ही सोय जास्तीत जास्त ठेवली, तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही मजकूर वाचता येतो.

घरी एखाद्या क्यूआर संकेताच्या मध्यभागी कागदाचा लहानसा कपटा ठेवून पाहा. बहुधा तो वाचला जाईल. मग तोच कपटा कोपऱ्यातल्या एका मोठ्या चौकोनावर ठेवा!

भिंतीवरच्या या दुकानाची एक उणीव मात्र कोणत्याही गणिताने भरून निघत नाही. टोमॅटो दाबून पाहता येत नाही, की आंब्याचा वास घेता येत नाही. शिवाय स्थानक सर्वांचे असते. ज्याच्याजवळ तसा फोन नाही, अशा आजोबांना ती भरलेली फळी म्हणजे नुसते चित्र.

टेस्कोने २०१२ साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरही असाच प्रयोग केला. तेथे पडद्यावरच्या फळ्या बोटाने सरकवता येत. सुटीवर निघालेला प्रवासी विमानात बसण्यापूर्वीच दूध आणि पाव मागवून ठेवी, आणि ते घरी पोहोचवण्यासाठी परतीचा दिवस निवडी.