राजीकडे बघणारा कॅमेरा

१९८६ च्या ‘मेट्रॉइड’ या व्हिडिओ गेममध्ये चिलखतातला योद्धा शेवटी बाई निघतो. गेम तासाभरात संपवला तर ती बिकिनीत दिसते, म्हणजे तिचं शरीर हेच खेळणाऱ्याचं बक्षीस. १९९६ मध्ये ‘टूम्ब रेडर’ची लारा क्रॉफ्ट आली. धाडसी, हुशार आणि मुख्य पात्र. पण तिचा बांधा अवास्तव होता आणि जाहिरातींनी तोच विकला. २०१३ च्या नव्या आवृत्तीत तिला पुष्कळशी माणसासारखी शरीरयष्टी मिळाली.

बाई मुख्य पात्र असलेल्या गेमचं आपल्याकडचं महत्त्वाचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या गोलूला, म्हणजे धाकट्या भावाला, शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. संस्थापकांपैकी श्रुती घोष याच गेमच्या कला दिग्दर्शक. इथे कॅमेरा बराच वर आणि लांब आहे. भिंतीवरून धावणारी, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणारी राजी दिसते. तिच्या अंगावर नजर रेंगाळत नाही. मला हा निर्णय कपड्यांच्या निवडीहूनही मोलाचा वाटतो. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन होतं.

वर्धा, पुलगाव, हिंगणघाटात मात्र गेम म्हणजे मुख्यतः मोबाइल. मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळांत पात्रांचे पोशाख पैसे घेऊन विकले जातात. मुलगी कोणतं पात्र निवडते आणि का, हे घरी तिला जरूर विचारा.