दंडाची पावती

१९८९ चा खरीप. तलाठी म्हणून लागून मला तीन वर्षं झाली होती. सज्जाचं गाव आजच्या सेनगाव तालुक्यातलं. तेव्हा आमचा जिल्हा परभणी, हिंगोली वेगळा व्हायला अजून दहा वर्षं होती. चावडीत दप्तर उघडून बसलो होतो. एक बाई आली, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खुरपं. म्हणाली, "आप्पा, आमाला दंड करा."

"कशाचा दंड?"

"गायरानात दोन एकर वाहिलंय. तूर अन् जवारी हाय. दंड करा अन् पावती द्या."

मी हसलो. आपण होऊन दंड मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. कोपऱ्यात बसलेला कोतवाल मात्र हसला नाही. तो तिच्याच वस्तीतला होता, पावती कशाला हवी हे त्याला ठाऊक होतं.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. तलाठ्याच्या दप्तरात त्याशिवाय बरेच नमुने असतात आणि त्यांतल्या एकाचं नाव गाव नमुना एक-ई. सरकारी जमिनीवर कोणी अतिक्रमण केलं, किती क्षेत्रावर, कधीपासून, दंड किती बसवला, याची ही नोंदवही. गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली जमीन. मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीकडे. ती कोणी नांगरली तर महसूल संहितेचं कलम ५० त्याला काढून लावायला आणि दंड करायला सांगतं. लगेच पुढचं कलम ५१ सांगतं की शासनाला वाटलं तर तेच अतिक्रमण नियमित करून देता येतं. एका पानावर हाकलणं, दुसऱ्या पानावर बसवणं. या दोन कलमांच्या फटीत मराठवाड्यातली हजारो घरं उभी आहेत.

नियमित करून घ्यायचं तर आपण कधीपासून वाहतोय हे दाखवावं लागतं. खरेदीखत नाही, खातं नाही, सातबाऱ्यावर मालक म्हणून 'सरकार'. मग पुरावा कोणता? सरकारनेच गुन्हा म्हणून लिहून ठेवलेली ओळ आणि तिच्यावर फाडलेली पावती. म्हणून बाई दंड मागत होती. १९७८ साली अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय झाला होता, तेव्हा ज्यांच्याकडे कागद होता त्यांचं काय झालं आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांचं काय, हे वस्तीने पाहिलेलं होतं. कायदा मी शिकलो होतो. कायद्याचा वापर त्या बाईला जास्त कळत होता.

मी नोंद घेतली नाही. गावातल्या वजनदार माणसांचा निरोप आदल्या दिवशीच आला होता: "गायरानातलं काही लिहू नका, पायंडा पडंल." पुढच्या सुगीत बघू, असं तिला सांगितलं. ती दोनदा आली. नंतर माझी बदली झाली.

गायरानाची मागणी काही त्या वर्षी जन्मली नव्हती. १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला होता. पुढे दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये तो लढा मोठा केला, माणसं तुरुंगात गेली. १९९० च्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या तेलगावहून एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियान उभं केलं. पोतराजाचा हा मुलगा, लोक त्यांना जिजा म्हणत. गायरान हा अभियानाच्या कामातला मोठा धागा. मोर्चे, घोषणा सगळ्यांना दिसायच्या. मला तहसिलात दिसायची ती त्यांची दुसरी बाजू. कार्यकर्ते अर्ज लिहायला बसत, नकला मागत, कलमाचा आकडा सांगत. खरं सांगायचं तर आम्हा तलाठ्यांना घोषणेपेक्षा नक्कल मागणाऱ्याची धास्ती जास्त.

२८ नोव्हेंबर १९९१ ला शासन निर्णय निघाला. १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायची. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष त्याच दिवशी सुरू झालं होतं, म्हणून ती तारीख. निर्णय चांगलाच होता. पण तहसिलात टेबलावर पहिला प्रश्न एकच: एक-ईला नाव आहे का?

त्या बाईचं नाव नव्हतं. तिच्या शेजारी वाहणाऱ्या एका गड्याचं होतं. माझ्या आधीच्या तलाठ्याने रागाच्या भरात त्याला दंड ठोकला होता. त्याने ती पावती बाबासाहेबांच्या तसबिरीच्या मागे, काच आणि पुठ्ठ्याच्या मध्ये ठेवलेली. पुढे त्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं, भोगवटादार वर्ग दोन म्हणून. म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही, पण पीककर्ज मिळतं, विमा मिळतो, अतिवृष्टीचं अनुदान खात्यावर येतं. बांधाच्या अलीकडे बाई. तोच पाऊस, तीच तूर, आणि पंचनाम्याला आलेला माणूस तिच्या बांधावरून वळून परत जायचा.

मग २०११ आलं. २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल लागला. प्रकरण पंजाबातलं, गावच्या तळ्याच्या जागेवर घरं बांधणाऱ्यांचं. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असं न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं. त्याच निकालात असंही आहे की भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने जमीन दिलेली असेल, किंवा तिथे शाळा-दवाखाना असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल. १२ जुलै २०११ ला महाराष्ट्राने शासन निर्णय काढून गायरानाच्या बाबतीत हात आखडला. आमच्याकडे खाली पोचेस्तोवर निकालाचं एकच वाक्य उरलं होतं: अतिक्रमण काढा. अपवादाचं वाक्य वाचलेला अधिकारी मला नोकरी संपेपर्यंत भेटला नाही. मीही ते निवृत्त झाल्यावरच वाचलं.

इथे संघटनांच्या मागणीचं मर्म येतं. शासन निर्णय हा कायदा नव्हे. तो मंत्रालयातून निघतो आणि दुसऱ्या निर्णयाने बाजूला पडतो. म्हणून विधिमंडळात कायदाच करा, असं जमीन हक्काची कामं करणारी मंडळी म्हणतात. १४ एप्रिल १९९० ची तारीख पुढे आणा, ही त्यांची दुसरी मागणी. मला विचाराल तर तारखेपेक्षा पुराव्याचा नियम आधी बदलायला हवा. तारीख कितीही पुढे आणली तरी चावी तलाठ्याच्याच पेटीत राहते, आणि त्या पेटीवर कोण बसतं हे मी सांगितलंच.

उदाहरण लांब शोधायला नको. वनजमिनीसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. मुदत १३ डिसेंबर २००५. त्याच्या नियमांत कागदाशिवाय इतर पुरावेही चालतात: विहीर, बांध, घराची जोती, आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. तो कायदा राबवताना घोळ झाले, आहेत. पण जंगलाच्या हद्दीअलीकडे म्हाताऱ्याच्या शब्दाला किंमत आणि पलीकडच्या गायरानात शून्य, हा भेद मला सरकारी नोकर असूनही कधी समजला नाही.

दुसरी बाजूही खोटी नाही. गुरं कुठे चारायची, हा धनगराचा, गवळ्याचा प्रश्न खरा आहे. आणि गायरान खाल्लं ते काही फक्त भूमिहीनांनी नाही. रस्त्याकडेचं गायरान कोणाच्या गोदामाखाली गेलं, कोणाच्या संस्थेच्या पटांगणात गेलं, हे गावोगाव लोक बोटाने दाखवतात. त्यांना दंडाची पावती कधी मागावी लागली नाही. आता २०२३ पासून शेतीच्या विजेसाठी सौर प्रकल्पांना सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, दिल्या जातात. दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्याला हवीच आहे. मात्र मोजणीदार साखळी टाकतो तेव्हा एक-ईला नाव नसलेला माणूस त्याच्या लेखी तिथे नसतोच.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. २०२१ पासून पीकपाहणीही शेतकऱ्यानेच मोबाईलवर करायची. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. त्यात आधी खातं निवडावं लागतं. खातंच नाही, तर पीक कुठे नोंदवणार? पूर्वी निदान तलाठ्याला गाठून हुज्जत घालता यायची.

गेल्या आषाढात त्या बाईचा नातू माझ्या हिंगोलीतल्या घरी आला. आजी आता थकली आहे, ऐकू कमी येतं. दोन एकरात सोयाबीन आहे, कडेला थोडी हळद. तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, "आप्पा, आजी म्हणती, तुमाला माहिताय. तुमी लिहून देता का?"

मी कोरा कागद घेतला. १९८९ च्या खरिपात सदर क्षेत्रात तूर व ज्वारीचं पीक उभं असल्याचं संबंधित महिलेने मला समक्ष सांगितलं, नोंद घेण्याची विनंती केली, आणि मी ती घेतली नाही, असं लिहिलं. खाली सही, तेव्हाचा हुद्दा, सज्जा. तहसिलातल्या पोराने कागद दोनदा वाचला. हा कोणत्या नमुन्यात बसतो, ते त्याला सांगता येईना. शेवटी त्याने आवकचा शिक्का मारून वर क्रमांक टाकला. नातवाने खिडकीतच त्याचा फोटो काढला आणि पोच घडी घालून मोबाईलच्या कव्हरमध्ये सरकवली.