जिल्हा करणारा दिवाण

लाल कापडाचा रुमाल सोडला की आधी धूळ उडते, मग कागद दिसतो. मोडीतल्या आडव्या ओळी, माथ्यावर उर्दू शिक्का, कोपऱ्यात फसली सन. त्या सनात 590 मिळवले की इसवी सन निघतो. फसली 1330 म्हणजे 1920 च्या आसपासचं साल. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून बीड जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत असे रुमाल एकसारखे सुटताहेत. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर तर निजामकाळच्या नोंदींचं ‘हैदराबाद गॅझेट’ गावच्या पारावर पोचलं.

या चर्चेत ‘निजामकाळ’ म्हणून जो काळ सांगितला जातो, तो सव्वादोनशे वर्षांचं एकच गाठोडं असल्यासारखा. प्रत्यक्षात त्यातल्या पहिल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांत आजच्या अर्थाने बीड नावाचा जिल्हाच नव्हता. तो झाला एकोणिसाव्या शतकात, आणि तो करणारा माणूस निजाम नव्हता, निजामाचा दिवाण होता. मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग. हैदराबादच्या सहलीत आपण ज्या म्युझियममधल्या वाजणाऱ्या घड्याळापुढे गर्दी करतो, ते बहुतांशी त्यांच्या नातवाच्या संग्रहाचं. तिथली बुरख्याआडच्या रिबेकाची संगमरवरी मूर्ती तेवढी आजोबांनी युरोपातून आणलेली. आजोबांचं खरं काम काचेच्या कपाटात ठेवण्यासारखं नव्हतंच.

1829 चा जन्म. 1853 च्या मे महिन्यात काका सिराज-उल-मुल्क दिवाणपदावर असताना वारले आणि चोविसाव्या वर्षी दिवाणगिरी पुतण्याच्या गळ्यात पडली. गळ्यात पडली असंच म्हणायला हवं, कारण तिजोरीत खडखडाट होता. राज्यातले सरकारी जडजवाहीर सावकारांकडे गहाण. काही दिवसांपूर्वीच इंग्रजांशी तह होऊन वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब त्यांच्या ताब्यात गेलेला. कारण काय, तर हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा थकलेला खर्च. फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिचं एक ठाणं मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला. तिथल्या घोडेस्वारांचा पगार भागावा म्हणून अमरावती-अकोल्याचा कापूस पिकवणारा मुलूख गेला. अंबाजोगाईच्या इतिहासात योगेश्वरी, मुकुंदराज आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्याबद्दल भरभरून लिहिलं जातं. या छावणीबद्दल त्या मानाने फारच कमी.

त्या वेळी महसूल कसा गोळा होई? तालुकेच्या तालुके मक्त्याने दिले जात. मक्तेदाराला ‘तालुकदार’ म्हणत. रुपयामागे दोन आणे त्याचे, बाकी सरकारचे, हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात त्याने वर किती भरलं आणि खालून किती ओरबाडलं, हे विचारणारं कुणी नव्हतं. राज्याला कर्ज देणारे सावकार आणि अरब-रोहिल्यांचे जमादार यांच्याकडे कर्जापोटी महालच्या महाल लावून दिलेले असत. अशा जमादाराची माणसं गावात आली की शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे तीच. त्यांना पाऊस, पीक, दुष्काळ यांच्याशी देणंघेणं नव्हतं. मक्ता पुढच्या साली आपल्याकडे राहील की नाही याचीच शाश्वती नसली, तर विहीर कोण खोदणार?

सालारजंगांनी पहिली काही वर्षं हे महाल एकेक करून सोडवण्यात घालवली. घाई केली असती तर जीव गेला असता. तसा तो दोनदा जाता जाता वाचला. 1859 मध्ये दरबारातून बाहेर पडताना त्यांच्यावर आणि इंग्रज रेसिडेंटवर हल्ला झाला, 1868 मध्ये पुन्हा. 1857 मध्ये त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली होती, हे हैदराबादच्या रस्त्यावर कुणी विसरलं नव्हतं. 17 जुलै 1857 ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन रेसिडेन्सीवर चालून गेले, तेव्हा दिवाण रेसिडेंटच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना थोर सुधारक म्हणणाऱ्यांनी हेही त्याच दमात सांगायला हवं.

मग 1865 ची जिलाबंदी आली. राज्याचे जिल्हे पाडले, जिल्ह्यांचे सुभे बांधले. औरंगाबाद सुभ्यात औरंगाबादच्या जोडीला बीड. तालुकदार हे नाव तेच ठेवलं, पण मक्तेदाराच्या जागी पगारी अधिकारी आणला. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम, तालुक्याला तहसीलदार. धान्याच्या वाट्याऐवजी रोख सारा. पोलीस आणि न्यायखाती वेगळी. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी. 1881 मध्ये राज्याची पहिली खानेसुमारी. पगारी माणूस आला की त्याला वर हिशेब द्यावा लागतो. हिशेब द्यायचा तर लिहावं लागतं. आज आपण ज्यात पणजोबा शोधतो, त्या दप्तराचं मूळ या इतक्या साध्या गोष्टीत आहे.

हे सगळं रयतेच्या कळवळ्याने झालं असं मला वाटत नाही. दिवाणांच्या डोळ्यांपुढे होतं वऱ्हाड. राज्याचा कारभार इंग्रजांना नावं ठेवता येणार नाहीत इतका चोख केला, फौजेच्या खर्चाचे पैसे मोजून दाखवले, तर मुलूख परत मागता येईल, हे त्यांचं गणित. 1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, त्यामुळे आशा वाढली. 1876 मध्ये ते विलायतेला गेले. वाटेत पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं, तरी पुढे गेले. राणीची भेट झाली, ऑक्सफर्डने सन्माननीय पदवी दिली. वऱ्हाड काही दिलं नाही. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने ते कायमच्या भाडेपट्ट्यावर घेऊन टाकलं. ग्वाल्हेरचे दिनकरराव राजवाडे आणि त्रावणकोर-बडोद्याचे टी. माधवराव या समकालीन दिवाणांच्या पंगतीत सालारजंगांना बसवतात ते योग्यच. पण एवढी मोठी हार त्या दोघांच्या वाट्याला आली नव्हती.

बीडपुरतं बोलायचं तर त्यांच्या कारभाराला दोन मोठी भोकं होती. एक भाषेचं. दिवाणांचा जीव फारसीवर. ते असेपर्यंत दरबारी भाषा तीच राहिली आणि त्यांच्या पश्चात 1884 च्या सुमारास उर्दू आली. नव्या खात्यांसाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. माणसं हुशार होती, पण बीड-गेवराईच्या शेतकऱ्याचं बोलणं त्यांना दुभाष्याशिवाय कळणारं नव्हतं. गावात पाटील-कुलकर्णी मोडीत लिहीत, वरची कचेरी फारसी-उर्दूत. म्हणून शिंदे समितीला मोडी वाचणारेही लागले आणि उर्दू वाचणारेही. रेल्वेचंही तसंच. वाडी-सिकंदराबाद मार्ग 1874 मध्ये सुरू झाला तो हैदराबादच्या सोयीचा. बीड शहरात रेल्वे यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला, अर्थात त्यातल्या शेवटच्या पाऊणशे वर्षांचा दोष निजामाच्या माथी मारता येत नाही.

दुसरं भोक जास्त खोल. सालारजंगांची शिस्त लागली ती खालसा, म्हणजे दिवाणी मुलखाला. निजामाची खासगी सर्फ-ए-खास, बड्या सरदार घराण्यांच्या पायगा आणि जहागिरी यांना हात लावण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ते स्वतःच बडे जहागीरदार होते. ढोबळ मानाने राज्याचा चाळीस टक्के मुलूख असा दिवाणीबाहेर राहिला. 8 फेब्रुवारी 1883 रोजी पटकीने त्यांचा अचानक मृत्यू झाला, त्यानंतरही ही व्यवस्था तशीच चालली. जहागिरी रद्द झाल्या त्या 1949 मध्ये, पोलीस कारवाईनंतर. तोवर जहागिरीच्या गावात वसुलीही जहागीरदाराची आणि दप्तरही त्याच्याच मर्जीचं. तेव्हा पणजोबांची नोंद सापडत नाही म्हणून तहसीलच्या पायऱ्यांवर हताश बसलेल्या माणसाने एक चौकशी आधी करावी: आपलं गाव खालसात होतं की जहागिरीत?